लक्ष्मीकांतला रजा मिळत नाही

बुधवार, १५ जून १९९४. लखनौ

पोचले एकदाची. गाडी चार तास उशिरा. आधी फलाटावरच बसून पेटी उघडली आणि एकेक वाटी टिचकी मारून पाहिली. सगळ्या बोलल्या. हमाल बघत उभा होता. म्हणाला, "क्रॉकरी का बिज़नेस है, बहनजी?" हो म्हटलं. जलतरंग म्हणजे काय हे त्या उन्हात सांगत बसायचं त्राण नव्हतं.

अलीगंजला चिरमुल्यांकडे उतरले आहे. श्रीरंग चिरमुले बँकेत आहेत आणि इथल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी. बायको मालिनी. मुलगी नीलम, आठवीत. आई मराठीत विचारते, मुलगी हिंदीत उत्तर देते, दोघींना त्यात काही वावगं वाटत नाही. रविवारी माझा कार्यक्रम. मग गोरखपूर.

खोली छान आहे. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर बाहेरून पाणी मारतात. आत हिरवट अंधार आणि ओल्या मुळांचा वास. इथे नुसतं पडून राहावं असं वाटतं.

जेवताना मालिनीनं विचारलं, घरी कोण कोण असतं. लक्ष्मीकांत सांगितला. साखर कारखान्यात केमिस्ट, रजा मिळत नाही. श्रीरंग म्हणाले, "पण जूनमध्ये कुठे असतो हंगाम?" बँकवाला माणूस! मी म्हटलं, हंगाम संपला की मशिनरीची दुरुस्ती निघते, तेव्हा तर जास्तच काम. केमिस्टचा मशिनरीशी काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. देव पावला.

गुरुवार, १६ जून

आज काहीच काम नाही. म्हणून लिहून ठेवते. हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही.

लक्ष्मीकांत नाही. सासरी नाही, माहेरी नाही, साखर कारखान्यात नाही. कुठेच नाही. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा एकटी दौऱ्यावर निघाले तेव्हा एका गावच्या संयोजकानं मला विचारलं, "एकट्याच?" मग चहाला विचारलं, मग जेवताना. रात्री खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून झोपले. परतताना पुण्याला उतरून तुळशीबागेत मंगळसूत्र घेतलं – काळे मणी, सोन्याचं पाणी दिलेलं पदक. तेव्हापासून कुणी तसं विचारलं नाही. लग्नाच्या बाईला एकटी कुणी म्हणत नाही.

सुरुवातीला तो नुसता 'आमचे हे' होता. भोपाळला त्याला नाव मिळालं, जबलपूरला नोकरी. नागपूरला एका बाईनं कारल्याची भाजी केली होती आणि बोलायला विषय नव्हता, म्हणून त्याला कारलं आवडायला लागलं. तापट नाही. वाचतो. थोडा घोरतो. माझ्या वाजवण्यातलं त्याला काही कळत नाही, पण मी दौऱ्यावरून आले की स्टेशनवर घ्यायला येतो. हे शेवटचं मी कुणालाच सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलंय. गाडीत खिडकीशी बसले की कधी कधी त्याच्याशी भांडतेसुद्धा.

साताऱ्याच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. परतल्यावर पहिला दिवस झाडण्यात जातो.

शनिवार, १८ जून

काय सांगू! आज लोकांनी माझ्या सप्तकातून आमरस खाल्ला.

सकाळी वाट्या धुऊन जेवणाच्या टेबलावर पालथ्या घातल्या होत्या, आणि खोलीत येऊन पडले. डोळा लागला. जाग आली ती ओळखीच्या आवाजानं – मोठ्या वाटीचा, सगळ्यात खालचा पंचम. पण जड, गिळगिळीत, जणू झोपेत बोलतोय. मला वाटलं मी अजून स्वप्नात आहे. उठून बाहेर आले. हॉलमध्ये मंडळाची कार्यकारिणी आमरसपुरीला जमलेली, आणि प्रत्येकाच्या हातात माझी एकेक वाटी. मालिनीला वाटलं, श्रीरंगनी शेजारून मागून आणल्या. श्रीरंगना वाटलं, बायकोनं नवा सेट काढला.

मोठी वाटी एका मिशीवाल्या गृहस्थांकडे होती. ते चमच्यानं तिला हळूच वाजवून पाहत होते. वर बघितलं, मला पाहिलं, वाटीकडे पाहिलं आणि ताडकन उभे राहिले. "अहो, या तर यांच्या –" एवढंच म्हणाले. हातातून सुटली.

गालिच्यावर दशेरीचा रस आणि तुकडे. मालिनी रडायला लागली. कोपऱ्यातले एक काका हळूच म्हणाले, "बाकीच्यांनी संपवायचा का तसाच ठेवायचा?" मला हसू फुटलं. खरं म्हणजे रडायला हवं होतं. ती वाटी गुरुजींची होती. पण मला हसूच आलं आणि मग सगळेच हसले, ते मिशीवाले सोडून.

त्यांचं नाव धनंजय मोकाशी. एअरफोर्समध्ये स्क्वाड्रन लीडर, बक्षी का तालाबच्या विमानतळावर असतात. गुडघ्यावर बसून त्यांनी तुकडे गोळा केले, धुतले, रुमालात बांधून मला आणून दिले. म्हणाले, "माणिकताई, मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

खालचा पंचम नाही तर मी वाजवत नाही. कार्यक्रम पुढच्या शनिवारवर ढकलला. श्रीरंगनी गोरखपूरला फोन करून तिथलीही तारीख पुढे नेली. म्हणजे आठवडाभर लखनौ.

सोमवार, २० जून

मोकाशींनी रजा काढली आहे. सकाळीच जीप घेऊन दारात. "चिनहटला चिनी मातीची भांडी करतात. चला, वाटी शोधू." मालिनी म्हणाली, "जा ना ताई, घरात बसून काय करणार, यार." ती मलाही यार म्हणते.

फैझाबाद रोडवर ओळीनं दुकानं. निळ्या-हिरव्या वेलबुट्टीच्या बरण्या, कप, वाडगे. मी काडी घेऊन एकेक वाडगा वाजवत सुटले. ठप्प. ठप्प. ठक्क. दुकानदार वैतागून म्हणाला, "मैडम, लेना है कि इम्तिहान लेना है?" मोकाशी प्रत्येक वाडग्याला म्हणत, "ही छान आहे." ठप्प वाजलं तरी छान! शेवटी मी विचारलं, तुम्हाला खरंच छान वाटते की धीर देताय? म्हणाले, "मला सूर कळत नाही. तुम्ही ऐकत असता तेव्हा तुमच्याकडे बघायला आवडतंय." आणि लगेच गडबडले. "म्हणजे, तुम्ही किती लक्षपूर्वक ऐकता, असं म्हणायचंय."

चौथ्या की पाचव्या दुकानात मागच्या खोलीत मिळाली. रंग मातकट, काठाला थोडी वाकडी. पण पाणी घालून वाजवली तर घोगरा, लांब, बरा पंचम. वाटी त्यांच्या ओंजळीत होती. सूर संपेपर्यंत ते हलले नाहीत. सूर संपल्यावरही जरा वेळ तसेच.

येताना लू, म्हणजे इकडचा तापलेला वारा, इतकी की बोलायची सोय नव्हती. मला ते बरंच वाटलं. वाटी मांडीवर धरून रस्ता बघत बसले. गेली चार वर्षं ते एकटे आहेत, बायको आजारानं गेली. हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं आणि मग ट्रकला वाट दिली.

मंगळवार, २१ जून

दिवसभर काही नाही. वाळ्याचा पडदा, कूलर. नव्या वाटीत पाणी कमी-जास्त करत बसले.

दुपारी अर्धवट झोपेत एक घर दिसलं. स्वयंपाकघरात माझे डबे, माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले. व्हरांड्यात कुणीतरी बूट काढतंय. डोळे उघडले तर छताला पाल.

स्पष्ट लिहिते. मला ते आवडतात. ते विचारतील तर मी इथे राहीन. पण लग्न झालेल्या बाईला ते कसं विचारतील! आधी मीच सांगितलं पाहिजे. उद्या सगळे मलिहाबादला जायचे आहेत. उद्या सांगते.

बुधवार, २२ जून

सांगितलं नाही.

आमराईत गेलो होतो. मालिनी आणि नीलम बागवानाशी घासाघीस करत होत्या. "भैया, घर की बात है, ठीक लगाओ." मी आणि मोकाशी पुढे चालत गेलो. झाडं इतकी दाट की दुपार असून संध्याकाळ वाटत होती. फांद्या जमिनीला टेकलेल्या. एका झाडाखाली बाज होती, तिथे बसलो. त्यांनी चाकूनं आंबा कापून दिला. मी मनात वाक्य जुळवत होते. मोकाशी, एक सांगायचं होतं. एवढंच म्हणायचं, मग पुढचं आपोआप येईल असं वाटत होतं.

तेवढ्यात तेच बोलले. "माणिकताई, रागावणार नसाल तर एक सांगतो. मंडळात कुणी अविवाहित पाहुणी आली की मला लगेच चहाचं बोलावणं येतं. दोघांना समोरासमोर बसवतात आणि बाकीचे आत निघून जातात. मला घाम फुटतो. त्या बाईलाही फुटत असेल. तुमच्याशी तसं काही नाही. तुमचं घर आहे, माणूस आहे. चार वर्षांत पहिल्यांदा कुणाशी मोकळेपणानं बोललो."

मी आंबा खात राहिले. हातावरून रस कोपरापर्यंत आला, तरी खात राहिले.

मग त्यांनी विचारलं, "लक्ष्मीकांतरावांना आंबा कुठला आवडतो?" मी म्हटलं, हापूस. म्हणाले, "दशेरी खाल्लेला नसेल त्यांनी. एक पेटी देतो बरोबर."

कशी चूक झाली बघ! ज्या मण्यांनी अकरा वर्षं नको ती माणसं लांब ठेवली, त्यांनीच हा माणूस जवळ आणला. आता ते काढले तर हा पळून जाईल. नाही काढले तर हा असाच राहील – एक हात अंतरावर, आंबा कापून देत.

येताना नीलम जीपमध्ये म्हणाली, "मौसी, आपके हसबैंड कभी फ़ोन नहीं करते?" मालिनीनं तिला दटावलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

गुरुवार, २३ जून

वटपौर्णिमा. माझ्या हे ध्यानातच नव्हतं. सकाळी मालिनी दारात, हातात साडी आणि पूजेचं ताट. "ताई, आज उपास बरं का. साडेनवाला वडावर जायचंय."

इकडच्या बायकांची वटसावित्री अमावस्येलाच झाली. पंधरा दिवसांनी आम्ही पाच-सहाजणी नऊवारी-सहावारीत दोरा घेऊन आलेल्या पाहून कॉलनीचा चौकीदार म्हणाला, "भूल गई थीं क्या?" मालिनीनं त्याला भर उन्हात महाराष्ट्राचं पंचांग समजावून सांगितलं. तो हो हो करत राहिला.

मी काय करणार होते? दोरा घेतला. हळदकुंकू वाहिलं. सात फेरे, आणि प्रत्येक फेऱ्याला मनात म्हणायचं, जन्मोजन्मी हाच नवरा मिळो. हाच म्हणजे कोण? पहिल्या फेऱ्याला प्रामाणिकपणे लक्ष्मीकांत म्हटलं. इतकी वर्षं साथ दिली आहे बिचाऱ्यानं. दुसऱ्यालाही तोच. तिसऱ्याला त्याचा चेहरा आठवायला गेले तर त्याला मिशी आली होती. चौथ्याला तो जीप चालवत होता. पाचव्यापासून मी नाव घेणंच सोडलं.

मालिनी म्हणाली, "किती तल्लीन झाला होतात. नशीबवान आहेत तुमचे हे."

उपास होता म्हणून साबुदाण्याची खिचडी. इथले दाणे बारीक, छान झाली होती. दोनदा घेतली.

शुक्रवार, २४ जून

उद्या मंगळसूत्र न घालता वाजवायला बसणार. तोंडानं जमत नाही. त्यांना दिसू दे. विचारतील, मग सांगेन. पळाले तर पळाले.

रविवार, २६ जून, सकाळी. निघायच्या आधी

कालचं लिहून टाकते. गाडीत जमणार नाही.

शाळेचा हॉल. लोक भरपूर – बँकवाले, फौजी, बायका गजरे घालून. वारा लागून पाणी हलतं म्हणून मी कूलर बंद करायला लावले. लोक हातातल्या पत्रिकांनी वारा घेत बसले. मोकाशी दुसऱ्या रांगेत, कडेला. मी गळा मोकळा ठेवून स्टेजवर आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. गळ्याला हवा लागत होती, इतकी की कपडे विसरून आल्यासारखं वाटलं. वाट्यांमध्ये पाणी भरलं, सूर जुळवले. वर बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांची नजर गळ्यावर आली आणि थांबली. कपाळाला आठी पडली. विचारतील. मध्यंतरात नक्की विचारतील.

तेवढ्यात विंगेतून मालिनी लगबगीनं आली. दबक्या आवाजात, पण माइक चालू होता! "अहो ताई, मंगळसूत्र बाथरूममध्येच विसरलात. मी म्हटलं असं मोकळ्या गळ्यानं कसं बसू द्यायचं, परवाच तर वडाची पूजा केली." आणि तिनं माझ्यामागे वाकून स्वतःच्या हातानं ते घातलं. फासा लावला. पाठीवर थोपटलं. हॉलमध्ये बायका कौतुकानं हसल्या. मोकाशीही हसले. कपाळावरची आठी गेली होती.

मालिनीचा राग येईना. कसा येणार? सख्ख्या बहिणीनं करावं तसं केलं तिनं.

मग वाजवलं. सारंग. नवी वाटी पहिल्या आवर्तनाला घोगरी लागली, नंतर तिनं सांभाळून घेतलं. उकाड्यानं पाणी उडत होतं, सूर चढत होते, मी मधेमधे चमच्यानं थेंब-थेंब घालत होते. एका क्षणी काहीच कळेनासं झालं, हॉल, लोक, गरमी. आमराईतला तो अंधार, बाज, पाटाच्या पाण्याचा आवाज, आणि माझे हात आपोआप चाललेले. इतकं चांगलं मी आजवर वाजवलेलं नाही. ते कुणासाठी वाजवलं हे त्या माणसाला माहीत नाही, आणि त्याला सूरही कळत नाही. मला रडू येत होतं. घाम समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी ते आत आले. म्हणाले, "ताई, ही छान होती." चिनहटसारखंच! आम्ही दोघंही हसलो.

त्याच दिवशी, गाडीत

लिहायला जमणार नाही म्हटलं होतं. जमतंय. अक्षर वाकडं येतंय.

मोकाशी स्टेशनवर आले होते. पेटी त्यांनी स्वतः उचलली, हमालाला हात लावू दिला नाही. आंब्यांची पेटी वेगळी. श्रीरंग पाणी आणायला गेले, मालिनी नीलमला घेऊन मासिकं बघत होती. डब्याच्या दाराशी आम्ही दोघंच. ही वेळ मला देवानंच दिली होती. मी तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं – अगदी मोकळं, बिनघोर. चार वर्षांनी कुणाशी तरी बोलायला मिळालेल्या माणसाचा चेहरा. मी म्हटलं, "पेटी आडवी ठेवा. उभी नको."

त्यांनी ठेवली. वर आंब्यांची ठेवली. खाली उतरले, खिडकीशी आले. म्हणाले, "पोचल्यावर लक्ष्मीकांतरावांना फोन करा. काळजीत असतील. मी असतो तर असतो."

गाडी हलली. ते थोडे बरोबर चालले, मग थांबले. मीच सांगितलं नाही. त्यांचा काही दोष नाही, मालिनीचा नाही, कुणाचाच नाही. मला सांगता आलं नाही, आणि आता ती वेळ गेली.

गोंड्याच्या पुढे बाहेर नुसती सपाट शेतं. डोळे मिटले की जीपचा आवाज येतो.

मंगळवार, २८ जून. गोरखपूर

इथे रेल्वेतल्या एका मराठी कुटुंबाकडे उतरले आहे. जेवायला वाढताना बाईंनी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" म्हटलं, एअरफोर्समध्ये आहेत, लखनौला. मितभाषी आहेत. गाण्यातलं कळत नाही, पण ऐकायला बसतात. त्या म्हणाल्या, "मग आले का नाहीत? एवढं जवळ तर आहे." म्हटलं, रजा मिळत नाही. सगळ्यात तेवढंच काय ते खोटं बोलल्यासारखं वाटलं.